घर कुठे घ्यावं? पूर, भूकंप, दरड, पाणी बघून पुणे, नागपूर की बेंगळुरू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं तळमजल्याचं घर पाण्याखाली गेलं. आईबाबा शेजारच्या इमारतीच्या जिन्यात बसून होते. वीज नाही, फोन लागत नाही, आणि मी इथे कोथरूडला भाड्याच्या घरात. आता बाबांची सत्तरी आली आहे. आणखी एक पूर त्यांना झेपणार नाही, म्हणून सगळ्यांनी एकत्र राहायचं ठरवलंय.

सासर नागपूरला, भाऊ बेंगळुरूला, माझी नोकरी पुण्यात. नवऱ्याला तिन्हीकडे बदली मिळू शकते. म्हणजे यावेळी जागा खरोखर निवडता येणार आहे. लोक घर घेताना शाळा, ऑफिसचं अंतर, स्क्वेअर फुटाचा भाव बघतात. मला आधी हे बघायचंय की त्या जागेवर काय काय येऊ शकतं. मी एक तक्ता करायला घेतला, एकीकडे शहरं, दुसरीकडे संकटं, प्रत्येकाला गुण. पण भूकंपाला किती गुण द्यायचे आणि पुराला किती, इथेच अडले. एक येईल की नाही सांगता येत नाही, दुसरा दर पावसाळ्यात दाराशी. दोन्ही एका मापाने मोजायचे कसे?

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

संत्रानगरी
ताई, नागपूरचं सांगतो. भूकंपाच्या २००२ च्या नकाशात नागपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर. समुद्र लांब, चक्रीवादळ नाही, डोंगर नाही त्यामुळे दरड नाही. कागदावर नागपूरला पैकीच्या पैकी गुण मिळतील.

पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरू नका. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. माणसं गेली. त्यात चांगले बंगलेवालेही होते.

दुसरं, ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. बाबा सत्तरीचे असतील तर हा मुद्दा भूकंपाच्या आधी मांडा. उन्हाने गेलेल्या माणसाची बातमी होत नाही, म्हणून तो धोका कुणाच्या तक्त्यात येत नाही.

कावेरीचं_पाणी
बेंगळुरूत बरीच वर्षं आहे. इथेही झोन दोन, उंची नऊशे मीटरच्या वर, मोठी नदीच नाही. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडच्या बाजूच्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावं लागलं. जिथे पाणी भरलं त्यातल्या बऱ्याच जागा जुन्या तलावांच्या उतारावर किंवा तलाव जोडणाऱ्या कालव्यांवर आहेत. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात बोअर आटले, टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेलं असतं. हवा मात्र आईबाबांना मानवेल.

नारायणपेठी
मी वयाने मोठा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण मातीचं, काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते भरलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते काही तास तगवलं, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. हे काही तास मिळाले नसते तर किती माणसं झोपेत गेली असती याचा हिशेब करवत नाही. ते पाणी खाली खडकवासल्यावर आलं. इंग्रजांच्या काळातलं ते दगडी धरणही दुपारी फुटलं. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन, नदीकाठची सगळी वस्ती पाण्यात. मी लहान होतो. काकांच्या खांद्यावर बसून पर्वतीकडे निघालेलो आठवतं. मागे वळून बघू नकोस असं ते सांगत होते.

पूर ओसरल्यावर शहरात प्यायला पाणी नव्हतं, हे आज किती जणांना माहीत आहे? ज्या धरणातून शहराला पाणी यायचं तेच रिकामं झालेलं. लोकांनी पेशवाईतले हौद आणि आडाचं पाणी शेंदलं. एक संकट आलं की त्याच्या शेपटीला दुसरं बांधलेलं असतं, ते असं.

पुढे पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या. नदीपासून लांब. पण त्या पिढीतले लोक गेले तसे पुढचे पुन्हा काठाला आले. नदी दिसणाऱ्या फ्लॅटला आता जास्त भाव मिळतो. ताई, नदी दिसते म्हणून जास्त पैसे देऊ नका एवढीच विनंती.

पाटबंधारे_निवृत्त
वाशिष्ठीकाठ यांचा प्रश्न मोजमापाचा आहे, त्याचं उत्तर देता येतं.

आपल्याकडे नदीच्या दोन पूररेषा असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लोकांना वाटतं पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे आत्ता आला, आता पंचवीस वर्षं निर्धास्त. तसं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, मग गेल्या वर्षी आला असो वा नसो. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेपर्यंतचा येण्याची सुमारे १८ टक्के. हे आकडे साध्या गणिताचे आहेत, कुणीही करून बघावेत. आणि हे गणित पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून आहे.

म्हणून तक्त्यात संकटाच्या नावाला गुण देऊ नका. कर्जाच्या किंवा आईवडिलांच्या उरलेल्या आयुष्याच्या काळात ते एकदा तरी येण्याची शक्यता किती, आणि आलं तर जीव जाईल, घर जाईल की नुसती गाडी भिजेल, हे दोन रकाने करा.

पुण्याबद्दल आणखी एक. शहरात शिवाजीनगरला वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस. पण मुठेचा पूर शहरातल्या पावसावर ठरत नाही, तो वर टेमघर, वरसगाव, पानशेतच्या डोंगरात ठरतो. तिथे शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. ही तीन आणि खडकवासला, चारही धरणांचा साठा मिळून सुमारे २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यात खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. म्हणजे वरून येणारं पाणी धरून ठेवायला शेवटच्या धरणात जागाच कमी. त्यामुळे तुमच्या गल्लीत ऊन पडलेलं असताना नदी दाराशी येऊ शकते.

मुठेच्या_कडेला
वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. मी सिंहगड रस्त्याला नदीच्या बाजूला राहतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे आम्ही जागे झालो ते पार्किंगमधल्या गाड्यांच्या हॉर्नमुळे. पाण्याने वायरिंग शॉर्ट होऊन हॉर्न आपोआप वाजत होते. धरणातून सोडलेला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या पुढे गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण अठ्ठावीस लिटर, म्हणजे सेकंदाला दहा लाख लिटर पाणी. खाली उतरेपर्यंत जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी होतं.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, तो कोरडा राहिला. पण मीटरची खोली तळमजल्याला, पंप तळमजल्याला, जनरेटरही खालीच. वीज गेली, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजींना ऑक्सिजनचं यंत्र लागायचं, त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं आणि बोटीत दिलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ हातगाडी सुरक्षित जागी हलवायला गेलेली तीन तरुण मुलं विजेच्या धक्क्याने गेली. पुराच्या पाण्यात वीज असते हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवा.

घर घेताना आम्हाला निळी रेषा काय असते हे कुणी सांगितलं नव्हतं. आता विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं.

आरसीसी
भूकंपाबद्दल मी लिहितो, माझा व्यवसाय इमारतींच्या सांगाड्याचा आहे.

२००२ च्या नकाशाप्रमाणे पुणे झोन तीनमध्ये आहे. मुंबई, चेन्नईही तिथेच. कोयना परिसर चारमध्ये, दिल्लीही चारमध्ये, भुज आणि गुवाहाटी पाचमध्ये. आकड्यांत सांगायचं तर झोन दोनला गुणक ०.१०, तीनला ०.१६, चारला ०.२४ आणि पाचला ०.३६. ही संख्या इमारत किती आडव्या धक्क्यासाठी बांधायची ते ठरवते. पुण्यातली इमारत नागपूरपेक्षा दीडपटीहून जास्त धक्का धरून बांधायची असते. तशी बांधलेली असेल तर दोन शहरांतला फरक बराचसा भरून निघतो. बांधलेली नसेल तर नागपूरचा कमी झोनही कामाचा नाही.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पुण्यात चांगलाच जाणवला होता, आणि कोयनानगर इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. आता २६ जानेवारी २००१ आठवा. केंद्र भुजजवळ, पण दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींना खाली मोकळं पार्किंग होतं. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींची जोड असते, खाली नुसते खांब. सगळा हेलकावा त्या खांबांवर येतो आणि ते मोडतात. पुण्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या असंख्य इमारती याच घडणीच्या आहेत.

तेव्हा बिल्डरकडे लिफ्टभोवती काँक्रीटच्या भिंती आहेत का, त्या पायापासून वरपर्यंत सलग आहेत का, हे विचारा. पार्किंगमधले खांब वरच्यापेक्षा भक्कम दिसले पाहिजेत. जुनी इमारत असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा, आणि वरचा मजला नंतर चढवलाय का ते मंजूर नकाशाशी ताडून बघा. दुकानासाठी खालची भिंत पाडलेली दिसली तर तिथून परत फिरा.

पुण्याच्या बाजूने एक चांगली गोष्ट, बऱ्याच भागात थोडं खणलं की मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. पाया खडकावर बसतो. नदीकाठी आणि पूर्वेकडे जिथे काळ्या मातीचा जाड थर आहे तिथे पायाचं काम नीट झालंय का हे जास्त काळजीने बघावं लागतं.

थोडक्यात, पूर टाळायचा तर जागा बघा, भूकंप टाळता येत नाही म्हणून इमारत बघा.

माळवद
किल्लारीच्या जवळचं गाव माझं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यावेळच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे जिथे भूकंपाची भीतीच नाही असा. नंतर तो झोनच नकाशातून काढून टाकला.

आमच्याकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून बांधलेलं. त्याच भिंती अंगावर आल्या. वर आरसीसी यांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे, नकाशाने आम्हाला वाचवलं नाही, आणि ज्यांच्या घराला चांगली जोड होती ते वाचले. पुण्यातल्या पेठांत वाडे भाड्याने स्वस्त मिळतात, ताईंनी आईबाबांसाठी तसला विचार करू नये.

चालत_राहू
सगळीकडे काही ना काही आहेच की. कोल्हापूर-सांगली घ्या, मुंबई घ्या. वेळ आली की कुठेही गाठते. इतका विचार करून घर घेतलं तर माणूस कुठेच राहू शकणार नाही.

वाशिष्ठीकाठ
चालत_राहू, तुमची भावना समजते, पण मला हे पटत नाही. चिपळूणमध्येच आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर चढावरच्या घरांत पाण्याचा थेंब गेला नाही. वेळ एकच होती, पाऊस एकच होता. फरक फक्त काही फूट उंचीचा. तो फरक मला विकत घेता येणार असेल तर मी तो विचार न करता का सोडू? सांगलीत २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. तरीही सांगलीतली सगळी घरं बुडाली नाहीत.

या धाग्यातून माझ्यापुरतं एक स्पष्ट झालं. मी शहरांची तुलना करत होते, ती चुलीत घालते. नागपूर आणि पुणे यांच्यातला फरक पुण्यातल्याच दोन गल्ल्यांमधल्या फरकापेक्षा लहान आहे. शहर पुणेच ठरलं, नोकरी आणि दवाखाने इथे आहेत. आता पुण्यात कुठे, ते बघायचंय.

नदीपासून लांब म्हणून टेकडीच्या बाजूला बघू का? कात्रज, सूस, बावधन?

उतारावर
टेकडी म्हटलं की लगेच सुरक्षित असं नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं. गाव दिसत नाही हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. २०२१ ला महाडचं तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. ती घाटमाथ्याची आणि कोकणची गावं, तिथला पाऊस वेगळा. पुणे शहरात एवढ्या मोठ्या दरडीची भीती त्या प्रमाणात नाही.

पण टेकडी फोडून केलेले प्लॉट इथेही आहेत. जून २०१३ मध्ये कात्रज घाटाच्या खाली शिंदेवाडीजवळ डोंगर फोडलेल्या भागातून आलेल्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. पाण्याची वाट बुजवली की पाणी रस्त्यावरून वाट काढतं. उतारावर घर बघाल तर मागे जा आणि बघा. डोंगर उभा कापलाय का, कापलेल्या भिंतीत पाणी निघायला भोकं आहेत का, वरून येणारी ओहोळ कुठे गेली. दिसत नसेल तर ती इमारतीखाली गाडलेली असू शकते.

नारायणपेठी
ओढ्यांचं नाव निघालंच म्हणून. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुठा शांत होती. आंबिल ओढ्याने घात केला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरचा खालचा भाग. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. मी वर सहकारनगर लिहिलं ना, पानशेतनंतर लोकांना सुरक्षित म्हणून वसवलेलं. त्याच बाजूने ओढा वाहतो. त्यामुळे नुसतं मुठा-मुळा-पवना बघू नका, आंबिल ओढा, रामनदी, देवनदी, नागझरी सगळं बघा. मोठ्या नदीच्या पाण्याची सूचना निदान धरणाकडून काही तास आधी मिळते. ओढ्याला कोण सूचना देणार?

हिशोबी
विम्याबद्दल कुणीच बोललं नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. त्यात आगीबरोबर पूर, भूकंप, वादळ, दरड हे सगळं धरलेलं असतं. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नसते, पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर असते, कारण जमीन काही वाहून जात नाही. म्हणून हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. घरातलं सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख, आपोआप धरलं जातं. दागिन्यांचं वेगळं लिहून घ्यावं लागतं. बँक कर्जाबरोबर जो विमा गळ्यात बांधते तो बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. कागद वाचून घ्या.

वाशिष्ठीकाठ
खूप खूप आभार सगळ्यांचे. नारायणपेठी काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

सध्या दोन घरं डोळ्यासमोर आहेत. एक पाषाणला, तिसरा मजला, बजेटमध्ये बसतंय, पण मागच्या बाजूने रामनदी जाते. दुसरं वारज्याला चढावर, पाण्यापासून लांब, पण उन्हाळ्यात टँकर येतो असं शेजारच्यांनी सांगितलं आणि महिन्याचा खर्च चढा आहे. आईला पाषाण आवडलंय.

मुठेच्या_कडेला
दोन्हीकडे मीटरची खोली आणि जनरेटर कुठे आहे ते आधी बघा. आमच्या सोसायटीने आता मीटर उचलून पहिल्या मजल्याच्या पातळीला नेले, पंपाची मोटार ओट्यावर घेतली. घर बघायला दलालाबरोबर रविवारी दुपारी न जाता जोरदार पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी एकटे जा. कंपाउंडच्या भिंतीवर ओलीची आडवी रेघ दिसते का बघा, नवा रंग नुसता खालच्या चार फुटांनाच दिलेला असेल तर का दिला ते विचारा. सुरक्षारक्षक आणि समोरचा किराणावाला खरं सांगतात.

टँकरचं म्हणाल तर तो दर महिन्याला थोडाथोडा त्रास आहे. मी दोन्ही सोसलंय, मी वारजे घेईन.

पाटबंधारे_निवृत्त
मीही वारज्याकडे झुकतो, पण पाषाण बघितल्याशिवाय सोडू नका, कारण नदी मागे आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. पात्राच्या तळापासून तुमच्या जोत्यापर्यंत उंची किती आणि खालच्या बाजूला पहिला पूल किती रुंद हे महत्त्वाचं. पूल अरुंद असेल तर झाडं-प्लास्टिक अडकून पाणी मागे फुगतं, आणि मग फुगवटा तुमच्या दारात. पुलावर उभं राहून खाली बघा, कमानीत राडारोडा साठलेला असेल तर समजून घ्या. पलीकडच्या काठाला भराव टाकलाय का तेही बघा, तिकडे भराव म्हणजे पाणी तुमच्याकडे.

दोन्ही जागांचे सर्व्हे नंबर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. विकास आराखड्याच्या नकाशावर निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते कसं वाचायचं हे मी तुम्हाला समजावून सांगतो. टोकन रक्कम तोवर देऊ नका.